आष्टी कोणती?

मराठी बातम्यांच्या चॅनलांना शिव्या घालणे हा आमच्या वर्धा जिल्ह्यातला जुना आणि सर्वपक्षीय उद्योग आहे. काँग्रेसवाले, भाजपवाले, सर्वोदयवाले आणि कशातच नसलेले, या एका मुद्द्यावर सगळ्यांचं एकमत. कुठल्याही पानठेल्यावर पाच मिनिटं उभे राहा, हा संवाद ऐकू येईलच:

"आपल्याइकडचं काईच नाई दाखवत हे लोक."
"मंग पाहता कायले?"
"पाहा तं लागतेच ना बाप्पा!"

मी हिंगणघाटचा. इंजिनिअरिंग सेवाग्रामला, नोकरी पुण्यात (दुसरीकडे कुठे असणार!). पुण्यातल्या मित्रांची बातम्यांबद्दल तक्रार असते ती आरडाओरड्याची. चर्चेत सगळे एकदम बोलतात, फालतू गोष्टीला ब्रेकिंग म्हणतात, वगैरे. ती खरीच आहे. पण आमच्याकडची तक्रार जराशी वेगळी आहे आणि तिला स्वतःचा इतिहास आहे. या शनिवार-रविवारी तोच मांडायचा विचार आहे.

आधी एक गंमत सांगतो. वर्धा जिल्ह्यात आठ तालुके: वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर. यातल्या तिघांना महाराष्ट्रात जुळे भाऊ आहेत. सेलू परभणीतही आहे. आष्टी बीडमध्येही आहे. कारंजा वाशीममध्येही आहे, आणि ते लाडांचं कारंजा आमच्या घाडग्यांच्या कारंज्यापेक्षा मोठं. त्यामुळे स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर 'आष्टी तालुक्यात गारपीट' असं धावू लागलं की आमच्याकडे दहा मिनिटं फोनाफोनी. एकदा 'सेलू येथे अपघात' एवढीच पट्टी एका चॅनलवर तासभर फिरत होती. माझी आत्या सेलूची. तिला नागपूर, अमरावती, पुणे असे सगळीकडून फोन आले. अपघात परभणीकडचा निघाला. डेटाबेस शिकलेल्या कोणालाही कळेल की गावाचं नाव ही प्रायमरी की होऊ शकत नाही, सोबत जिल्हा लिहावा लागतो. 'आष्टी (वर्धा)' लिहायला कितीशी जागा लागते? पण पट्टी टाईप करणाऱ्या मुलाला दुसरी आष्टी आहे हेच ठाऊक नसतं. 16 ऑगस्ट 1942 ला जिथे गोळीबारात माणसं शहीद झाली, ज्याला लोक 'आष्टी शहीद' म्हणतात, ते गाव टीव्हीच्या नकाशावर नाही!

आता हे असं का, त्यासाठी मागे जावं लागेल.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला. दिल्लीनंतरचं देशातलं दुसरं केंद्र. मराठी 'बातम्या' तिथल्या. स्मिता पाटील सिनेमात जाण्याआधी तिथे बातम्या वाचायच्या, आणि नंतर प्रदीप भिडे यांचा आवाज म्हणजेच बातम्या असं एका पिढीचं समीकरण झालं. पण हे झालं मुंबईचं. टॉवरच्या पल्ल्यात जे येतील त्यांचं. विदर्भाला त्या काळात बातम्या द्यायचं ते आकाशवाणीचं 1948 सालचं नागपूर केंद्र. आमचे आजोबा शेवटपर्यंत म्हणायचे की रेडिओच बरा, त्याला वर्धा कुठे आहे ते माहीत आहे.

टीव्ही आमच्या भागात आला तो उपग्रहाच्या जमान्यात. 1982 साली इन्सॅट-1ए गेला आणि काही महिन्यांतच बंद पडला, मग 1983 ला इन्सॅट-1बी. 1984 मध्ये तर सरकारने सपाटाच लावला, काही महिने देशात जवळपास रोज एक ट्रान्समीटर उभा राहत होता. यातले बहुतेक कमी शक्तीचे. त्यांचं काम एकच: उपग्रहावरून दिल्लीचा सिग्नल घ्यायचा आणि आजूबाजूला फेकायचा. तिथे ना स्टुडिओ, ना कॅमेरा, ना बातमीदार. म्हणजे गावाला पडदा मिळाला पण तोंड नाही मिळालं. इन्सॅटच्या योजनेत ग्रामीण कार्यक्रम बनवण्यासाठी नागपूरला केंद्र आलं खरं, पण ते प्रामुख्याने शेती-आरोग्य-शिक्षण अशा कार्यक्रमांसाठी. संध्याकाळच्या बातम्या मुंबईच्या आणि दिल्लीच्याच.

दुसरं काही शक्य नव्हतं असं मात्र नाही. 1975 ते 1985 अशी दहा वर्षं गुजरातेत खेडा जिल्ह्यात, पीज नावाच्या गावी, एक किलोवॉटचा एक ट्रान्समीटर चालत होता. अहमदाबादचं इस्रोचं स्पेस ऍप्लिकेशन्स सेंटर त्यामागे होतं. आसपासच्या गावांसाठी, गावांतल्या लोकांना घेऊन, त्यांच्याच बोलीत कार्यक्रम. मजुरी, जातीपाती, सावकारी यावर थेट. आधी जाऊन लोकांना काय हवं ते विचारायचं, दाखवल्यावर पुन्हा जाऊन काय कळलं ते विचारायचं. याला 1984 ला युनेस्कोचं पारितोषिक मिळालं, आणि 1985 ला तो ट्रान्समीटर बंद झाला! लोकांनी विरोध केला, उपयोग झाला नाही. जिल्ह्याचा टीव्ही करून दाखवता येतो हे या देशात सिद्ध झालेलं होतं आणि ते आपण गुंडाळून ठेवलं. मला हा भाग वाचताना फार चीड आली. असो.

1986 साली 19 मार्चला यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे आणि त्यांच्या कुटुंबाने आमच्या जिल्ह्यात, पवनारजवळच्या दत्तपूरला, जीवन संपवलं. महाराष्ट्रातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ती आज ओळखली जाते, त्या दिवशी दरवर्षी अनेकजण उपवास करतात. टीव्ही तेव्हा फक्त सरकारी होता. हे नाव लोकांच्या लक्षात राहिलं ते शेतकरी चळवळीमुळे.

त्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे 2000 साल. रामोजी रावांचं ई-टीव्ही मराठी सुरू झालं. आंध्रात त्यांच्या ईनाडूने जिल्ह्याजिल्ह्याच्या पुरवण्या काढून वर्तमानपत्राचा धंदाच बदलून टाकला होता, तोच जिल्ह्याचा विचार टीव्हीत आला. बातमीदार तालुक्यापर्यंत आणि स्टुडिओ हैदराबादला, रामोजी फिल्म सिटीत. ऐकायला विचित्र वाटतं, पण वर्ध्याची बातमी मुंबईपेक्षा हैदराबादला जास्त बातमी वाटत होती. आमच्या घरची मोठी माणसं अजून त्या बातम्यांची आठवण काढतात. मग 2007 साली झी 24 तास आणि स्टार माझा (2012 पासून एबीपी माझा), 2008 ला आयबीएन-लोकमत. चोवीस तास मराठी बातम्या! आता तरी जिल्हे दिसतील असं वाटणं स्वाभाविक होतं. चोवीस तास म्हणजे भरपूर जागा ना?

झालं उलटंच. चोवीस तास भरायचे तर सतत काहीतरी लाईव्ह लागतं, आणि लाईव्ह तिथूनच स्वस्त पडतं जिथे ओबी व्हॅन आधीच उभी आहे. म्हणजे मुंबई, पुणे, फार तर नागपूर. आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला जो बातमीदार येतो तो बहुधा मानधनावर, बातमीमागे पैसे मिळणारा, स्वतःच्या गाडीने आणि स्वतःच्या कॅमेऱ्याने फिरणारा स्ट्रिंजर. त्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. तो पाठवतो, तिकडे लागत नाही.

मग वर्धा दिसतो कधी? 2005 च्या अखेरीस आमच्या जिल्ह्यातल्या डोर्ली गावाने 'हे गाव विकणे आहे' असं जाहीर केलं. कापसाने कर्जात बुडालेलं गाव. त्या एका पाटीने जे केलं ते वर्षानुवर्षांच्या निवेदनांनी केलं नव्हतं. देशभरातले आणि बाहेरदेशातलेही बातमीदार डोर्लीत आले. याच काळातली पी. साईनाथ यांनी पुढे अनेकदा सांगितलेली तुलना प्रसिद्ध आहे: 2006 च्या मुंबईतल्या लॅक्मे फॅशन वीकसाठी 512 अधिकृत पत्रकार, तिथे सुती कपड्यांचा थाट, आणि तो कापूस पिकवणाऱ्यांच्या आत्महत्यांसाठी विदर्भात बाहेरून आलेले जेमतेम सहा. 30 जून 2006 ला पंतप्रधान मनमोहन सिंग वायफडला आले. दुसऱ्या दिवशी सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. वायफड टीव्हीवर दिसलं याचाच काय तो आनंद!

पॅकेजचं पुढे काय झालं? त्यात दुभत्या संकरित गायी द्यायच्या होत्या. ज्या घरात माणसांचे वांधे तिथे जर्सी गाय काय खाणार? गायीचा खर्च दुधापेक्षा जास्त व्हायला लागला. ही गोष्ट साईनाथांनी वर्ध्याच्याच एका गावात जाऊन, तिथल्या एका विधवा शेतकरी बाईच्या अंगणात बसून लिहिली, छापील वर्तमानपत्रात. त्यासाठी कॅमेऱ्याची गरज नव्हती असं नाही. गाय चांगली दिसते की कॅमेऱ्यात. पण परत यावं लागतं.

इथे मला लुई फिशर आठवतो. हा अमेरिकन पत्रकार जून 1942 मध्ये सेवाग्रामला आला आणि आठवडाभर राहिला. वर्ध्याचा जूनमधला उन्हाळा ज्याने पाहिलाय त्यालाच कळेल हे काय प्रकरण आहे. गडी चक्क पाण्याच्या टबात खोक्यावर बसून, समोर दुसऱ्या खोक्यावर टाईपरायटर ठेवून टिपणं टाईप करायचा! महिनाभरात, 14 जुलैला, वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीने तो 'छोडो भारत'कडे नेणारा ठराव केला. आता कोणी म्हणेल गांधीजींसाठी कोणीही राहील. बरोबर. पण मला त्यातला 'आठवडाभर' महत्त्वाचा वाटतो.

यात एक प्रकरण राहिलंच, आणि माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं. केबलवरच्या बातम्या. माझ्या लहानपणी गावोगावच्या केबलवाल्यांकडे स्वतःचा एक चॅनल असायचा. दुपारी जुना पिक्चर, संध्याकाळी 'शहर वार्ता' छापाच्या बातम्या. दर्जा विचारू नका. हलणारा कॅमेरा, मागे पंख्याचा आवाज, निवेदिका म्हणजे कुणाच्या तरी ओळखीची बीएला असलेली मुलगी. नगरपरिषदेची सभा, नळाला न आलेलं पाणी, गणपती, दहावीचे निकाल, नेत्यांचे वाढदिवस (हे पैसे घेऊन), निधन वार्ता. कापसाचा आणि सोयाबीनचा भाव मात्र रोज.

तंत्राच्या दृष्टीने या सगळ्यात वाईट बातम्या होत्या. पण तक्रार करायची सोय सगळ्यात उत्तम होती! दर महिन्याला पैसे घ्यायला पोऱ्या दारात यायचा. त्याला आई सांगायची, "काल आमच्या वॉर्डाचं चुकीचं दाखवलं, आम्ही नाई टाकत कचरा तिथे." दुसऱ्या दिवशी दुरुस्ती. नाही झाली तर पुढच्या महिन्याचे पैसे थांबवायचे. ज्याच्याकडून पैसे येतात त्याचं ऐकलं जातं, हे इतकं साधं होतं.

हे कसं बंद पडलं तेही तांत्रिकच आहे. अनॅलॉग केबलमध्ये ऑपरेटरच्या गच्चीवर डिश, खाली मॉड्युलेटर. एका मॉड्युलेटरला डीव्हीडी प्लेअर जोडला की झाला तुमचा चॅनल. मग डीटीएच आलं, त्यात गावाचा चॅनल घुसवायची जागाच नाही, सिग्नल थेट आकाशातून. आणि केबलचं डिजिटायझेशन टप्प्याटप्प्याने होत 2017 पर्यंत गावांपर्यंत पोचलं. आता सिग्नल मोठ्या शहरातल्या कंपनीच्या हेडएंडवरून कोडबंद होऊन येतो, गावचा केबलवाला फक्त वायर ओढणारा. चित्र स्वच्छ झालं, यात वाद नाही. 30 नोव्हेंबर 2022 ला केंद्राने स्थानिक चॅनलांसाठी नियम काढले: प्रत्येक चॅनलची ऑनलाईन नोंदणी, आणि स्थानिक बातम्या दाखवायच्या तर ऑपरेटर 'कंपनी' म्हणून नोंदलेला हवा. ब्लॅकमेलिंगसाठी चालणारे चॅनल होतेच, त्यामुळे नियम असू नयेत असं मी म्हणणार नाही. पण गच्चीवरचा तो गडी कंपनी काढणार नव्हता. त्याची मुलं आता यूट्यूबवर बातम्या टाकतात.

मोठ्या चॅनलांकडे पैसे कुठून येतात? जाहिरातीतून, म्हणजे टीआरपीतून. आणि टीआरपी येतो निवडक घरांत बसवलेल्या मीटरमधून. टॅमच्या काळात खेडी या नमुन्यात नव्हतीच, मुख्य भर लाखावरच्या शहरांवर. वर्धा शहराची लोकसंख्या 2011 ला 1,06,444, म्हणजे कसंबसं काठावर पास. ग्रामीण घरं मोजायला लागले ते बार्क आल्यावर, 2015 मध्ये. 2020 च्या सुमारास देशात टीव्ही असलेली घरं 21 कोटींच्या आसपास आणि मीटर सुमारे 44 हजार. म्हणजे पावणेपाच हजार घरांमागे एक. आमच्या तेरा लाखांच्या जिल्ह्यात दोन लाख टीव्ही धरले तर सरासरीने चाळीस-बेचाळीस मीटर होतात. (हा माझा भागाकार, प्रत्यक्ष वाटप असं सरळ नसतं.) संख्याशास्त्राच्या हिशेबाने नमुना छोटा असणं गुन्हा नाही, देशाचा अंदाज त्यातून नीट निघतो. पण चाळीस घरांच्या नाराजीने मुंबईतला कोणताही आकडा हलत नाही, एवढं खरं. त्यातही ऑक्टोबर 2020 मध्ये टीआरपी घोटाळ्याचं प्रकरण आलं आणि बातम्यांच्या चॅनलांचे आकडे मार्च 2022 पर्यंत बंदच होते. त्या दीड वर्षात बातम्या सुधारल्या का? तुम्हीच आठवून पाहा.

3 फेब्रुवारी 2020 ला आमच्या गावात, नंदोरी चौकात, एका तरुण प्राध्यापिकेवर पेट्रोल टाकून तिला जाळण्यात आलं. 10 तारखेला ती नागपूरच्या हॉस्पिटलात गेली. त्या आठवड्यात हिंगणघाट देशभर दिसलं. मी पुण्यात बसून आमचाच चौक पाहत होतो, आणि घरून सांगत होते की चौकातून जाणाऱ्या कोणालाही धरून माईक पुढे करतायत, त्या मुलीच्या गावीही हीच गर्दी. बातमी दाखवू नये असं कोणीच म्हणत नव्हतं. दाखवायलाच हवी होती. पण खटल्याची दोन वर्षं, साक्षी, तारखा, हे आम्हाला कळत होतं ते वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांतून. जन्मठेपेचा निकाल आला 10 फेब्रुवारी 2022 ला, तिच्या मृत्यूला बरोबर दोन वर्षं झाली त्या दिवशी.

आणि त्याच वर्षीचा जुलै. वणा नदीला पूर, हिंगणघाटच्या वस्त्यांत पाणी, जिल्हाभर कापूस-सोयाबीन झोपलेलं. टीव्हीवर काय होतं? गुवाहाटीचं हॉटेल नुकतंच संपलं होतं (ती झाडी, तो डोंगार!) आणि आता मंत्रिमंडळाचा विस्तार कधी, यावर दिवसरात्र चर्चा. सरकारमध्ये 9 ऑगस्टपर्यंत दोनच माणसं होती. म्हणजे पालकमंत्री नाही. पूर आलेल्या जिल्ह्याला पालकमंत्री नाही, ही दोन्ही बातम्या जोडणारी बातमी समोर पडलेली होती. बाबा चॅनल बदलत बदलत तीच शोधत होते. पट्टीवर आलं म्हणे एक-दोनदा.

मग तक्रार करायची कुठे? वाटतं त्यापेक्षा जागा बऱ्याच आहेत. केबलच्या कायद्याने (1995) जिल्हाधिकारी हे अधिकृत अधिकारी आहेत, त्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याच्या देखरेख समितीचीही तरतूद आहे. 2008 पासून चॅनलांच्या संघटनेची स्वतःची तक्रार यंत्रणा आहे, पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती जे. एस. वर्मा. मात्र ती सभासद चॅनलांपुरती. 2023 मध्ये दंड जास्तीत जास्त एक लाख होता. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच विचारलं की एवढ्याशा दंडाने काय होणार. शिवाय जून 2021 च्या नियमांप्रमाणे तुम्ही थेट चॅनलकडे तक्रार केलीत तर 24 तासांत पोच आणि 15 दिवसांत उत्तर द्यायला ते बांधील आहेत. 'आष्टी (वर्धा)' वाली तक्रार यात नीट बसते. चुकीची माहिती, तारीख, वेळ, पुरावा म्हणून फोटो. करून बघायला हरकत नाही, फुकट आहे.

पुराची तक्रार मात्र बसत नाही. हे सगळे नियम जे दाखवलं त्याबद्दल आहेत: खोटं दाखवलं, एकतर्फी दाखवलं, कोणाची खाजगी गोष्ट दाखवली. जे दाखवलंच नाही त्याला कलम नाही. संघटनेच्या तक्रार अर्जात प्रक्षेपणाची तारीख आणि वेळ भरावी लागते. मी बाबांना विचारलं, काय लिहायचं तिथे? ते म्हणाले, "लिही ना, जुलैचा पूर्ण महिना."